मालिका एक सांगते, पुस्तक दुसरंच: पाठभेदांची वही कशी ठेवावी

डोरेमॉनमधला नोबिता चौथीत की पाचवीत, यावरून दोन मुलं हातघाईवर आली तर दोघांनाही शाबासकी द्यावी. मूळ जपानी कॉमिक्समध्ये तो बहुतेक ठिकाणी चौथीत आहे आणि टीव्हीवरच्या मालिकेत पाचवीत. एकाने पुस्तक वाचलंय, दुसऱ्याने टीव्ही पाहिलाय. मोठी माणसंही नेमकी इथेच अडकतात. कुणी कार्टूनवरचं माहितीपुस्तक मराठीत आणत असतं, कुणी विकिपीडियावर पात्राचं पान लिहीत असतं, कुणी सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी प्रश्नमंजूषा काढत असतं, आणि पुस्तक व मालिका जुळेनाशी झाली की "मग खरं काय?" म्हणून डोकं धरून बसतं.

हा प्रश्न निदान पुण्यात तरी पडू नये. लॉ कॉलेज रस्त्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त घालून दिली आणि १,२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. त्यात "खरं काय घडलं" हा मुद्दाच नव्हता. कोणत्या पोथीत काय लिहिलंय, कोणता पाठ जुना, कोणता मागाहून घुसलेला, एवढंच पाहायचं. निवडलेला पाठ वर छापायचा आणि बाकीचे पाठभेद त्याच पानाच्या तळाशी. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही सगळ्यांची लाडकी गोष्ट त्या कसोटीवर मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. परिशिष्टात गेली, केराच्या टोपलीत नाही. खुद्द भीमाच्या ग्रंथाला जी शिस्त लावली तीच छोट्या भीमाला आणि डोरेमॉनला लावायची आहे. त्यासाठी एक वही ठेवायची: पुस्तकातलं एकेक विधान मालिकेशी ताडायचं आणि फरक व निर्णय त्यात नोंदवायचा. पोथ्या, म्हणजे आपल्याकडे पुस्तकं, मालिका आणि डबिंग, कमी आहेत, तेवढाच दिलासा.

आधी पुस्तकाचं कुळ काढा

पुस्तक हातात आलं की पहिलं पान नव्हे, शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचा. आवृत्ती कितवी, पुनर्मुद्रण कितवं, मूळ प्रकाशनाचं वर्ष कोणतं, भाषांतर कोणत्या भाषेतून झालं, हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. जपानी मालिकेवरचं मराठी पुस्तक बऱ्याचदा इंग्रजीवरून आलेलं असतं, म्हणजे मधे एक पोथी आणखी आहे आणि तिच्या चुका तुमच्या पुस्तकात वारशाने आल्या आहेत. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असायला हवा, पण प्रकाशक गुपचूप दोन-चार दुरुस्त्या उरकून घेतात. म्हणून शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती मिळवा.

नवी प्रत अप्पा बळवंत चौकात विचारावी. जुनीसाठी रद्दीची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे मुलांची पुस्तकं घेताना एक गोष्ट उभ्याउभ्याच तपासा: पुढची चार पानं शाबूत आहेत का. मुलं पहिल्या पानावर नाव घालतात, रंगवतात आणि शेवटी तेच पान फाटतं. ते गेलं की आवृत्तीचा पुरावा गेला, मग पुस्तक कितीही गुळगुळीत असो. स्टिकर असलेलं पुस्तक असेल तर मधलं पान कापलेलं नाही ना, तेही बघा.

यानंतरचं काम सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं: पुस्तकाची माहिती कुठवर पोचते, ती हद्द ठरवायची. पुस्तक फर्म्यांत छापतात, एक फर्मा साधारण १६ पानांचा. ९६ पानांचं पुस्तक म्हणजे ६ फर्मे. मजकूर लिहून झाला, चित्रांना हक्कधारकाची मंजुरी मिळाली, प्रुफं निघाली, फर्मा छपाईला गेला, की त्यातलं अक्षर हलत नाही. मालिका मात्र तिकडे दर आठवड्याला पुढे चाललेली असते. शिवाय असं पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाती पुष्कळदा तयार भाग नसतोच, संहिता आणि पात्रांचे नमुना-नकाशे, म्हणजे पात्र कसं काढायचं ते दाखवणारी चित्रं, असतात. ध्वनिमुद्रणात एखादं वाक्य बदललं, शेवटच्या फेरीत पात्राच्या शर्टाचा रंग बदलला, तर ते पुस्तकाला कळणार कुठून?

हद्द काढायची युक्ती सोपी आहे. पुस्तकात आलेली सगळ्यात नवी गोष्ट शोधा: नवं पात्र, नवं घर, नवं गॅजेट. मग पुस्तकात यायलाच हवी होती पण आली नाही, अशी सगळ्यात जुनी गोष्ट शोधा. हद्द या दोहोंच्या मधे. "हद्द: अमुक भागानंतर, तमुक भागाआधी" असं लिहून खाली रेघ मारा. या रेषेच्या पलीकडच्या भागाशी पुस्तक जुळत नसेल तर तो पुस्तकाचा दोष धरायचा नाही. नव्याने वही करणाऱ्यांच्या यादीतले कितीतरी "विरोध" एवढ्यावरच निकाली निघतात.

मालिकेची कोणती पोथी?

"टीव्हीवर असं आहे" हे विधान अपुरं आहे. डोरेमॉनच्या टीव्हीवरच्या मालिकाच तीन आहेत: १९७३ ची, १९७९ मध्ये सुरू झालेली आणि २००५ मध्ये नव्याने सुरू झालेली. १९७९ च्या मालिकेवर बेतलेलं पुस्तक २००५ च्या भागांशी ताडून पाहणं म्हणजे शेजाऱ्याच्या वीजबिलावरून आपल्या मीटरची तक्रार करणं. मूळ कॉमिक्सचंही तेच. डोरेमॉन सुरू झाला तोच मुळी १९७० च्या जानेवारी अंकापासून सहा वेगवेगळ्या बालमासिकांत एकाच वेळी. सगळ्यात लहानांचं एक, मग बालवाडीचं, मग पहिली ते चौथीपर्यंत इयत्तेनुसार एकेक. सहाही ठिकाणी पहिली कथा निराळी होती. पुढे १९७४ पासून १९९६ पर्यंत ४५ खंडांत निवडक कथा पुस्तकरूपाने आल्या, म्हणजे खंड हीसुद्धा एक निवडच. ज्या कथेचा उगमच सहा तोंडांनी झाला तिच्यात एकच आरंभ शोधणाऱ्याने गोदावरी सोडून गंगेचा उगम नाशकात शोधावा.

मराठी घरात डोरेमॉन बहुधा हिंदीतून ऐकलेला असतो. हिंदीत तो डोरा केक खातो, मूळ जपानीत दोरायाकी. अमेरिकन इंग्रजी आवृत्तीत नोबिताचा नोबी झाला आणि जियानचा बिग जी. इंग्रजीवरून केलेल्या पुस्तकात बिग जी भेटला म्हणून तो नवा पोरगा समजू नये. वहीच्या दुसऱ्या पानावर नावांचा तक्ता करा: जपानी, इंग्रजी, हिंदी डबिंग, मराठी पुस्तक. पात्रं, खाणं, गॅजेटं, शाळा, गाव, सगळं त्यात. हे काम कंटाळवाणं आहे. ते आधी केलं नाही तर पुढे प्रत्येक ओळीला करावं लागतं.

नाव एकाच भाषेतही बदलतं. डोक्यावर लावून उडायची ती बांबूची पंखी सगळ्यांना ताकेकोप्टर किंवा बॅम्बू कॉप्टर म्हणून ठाऊक. सुरुवातीच्या कथांत तिचं नाव हेरितोन्बो होतं. तोन्बो म्हणजे चतुर, आणि ताकेतोन्बो म्हणजे दोन तळव्यांत फिरवून उडवायचं बांबूचं जपानी खेळणं. पुढे ताकेकोप्टर हेच नाव रूढ झालं. एखादं पुस्तक जुनं नाव देतं तेव्हा ते चुकलेलं नसतं, उलट जुनी पोथी जपून असतं.

वहीची आखणी

एक्सेल असो की २०० पानी लांबट वही, रकाने हेच ठेवा: क्रमांक, पुस्तकाचं पान व जागा, पुस्तकाचे शब्द जसेच्या तसे, मालिकेची पोथी (कोणती मालिका, भाषा, कुठे पाहिली), भागाचं किंवा कथेचं नाव, वेळ आणि प्रसंग, मालिकेतले शब्द किंवा दिसलेली गोष्ट, भेदाची जात, निर्णय, तारीख. "जागा" म्हणजे मजकूर, चित्राखालची ओळ, चौकट की मलपृष्ठ. हे लिहायला विसरू नका, कारण मलपृष्ठाचा मजकूर बहुधा दुसऱ्याच माणसाने, पुस्तक न वाचता लिहिलेला असतो.

आता विधानं वेचा. एका ओळीत एकच विधान. "भीम ढोलकपूरला राहतो आणि त्याला लाडू आवडतात" ही दोन विधानं आहेत, दोन ओळींत जातील. "भीम शूर आहे" हे विधान नाही, ते सोडा. आकडे, नाती, ठिकाणं, रंग, तारखा, कोण कुणाला आधी कधी भेटलं, गॅजेट काय करू शकतं आणि काय नाही, एवढं वेचा. माहितीपुस्तकाच्या दाट पानावर अशी सहा-सात विधानं सहज निघतात, चित्रमय पानावर एखाददुसरं. वेचताना मालिका बघायची नाही. एकदा का भाग डोळ्यांसमोर असला की पुस्तकातली जुळणारी वाक्यं दिसतच नाहीत, फक्त न जुळणारी दिसतात, आणि वही पुस्तकावरच्या आरोपपत्रासारखी होते. जुळलेली विधानंही नोंदवायची आहेत. पुस्तक किती भरवशाचं ते त्यांच्यावरूनच कळतं.

मालिका बघताना मिनिट-सेकंद लिहा, पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत पाल, सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेम्सची). सेकंदाला २४ चौकटींवर केलेला कार्यक्रम पालमध्ये आणताना पुष्कळदा तसाच २५ च्या वेगाने पळवतात. २२ मिनिटांचा भाग त्याने सुमारे ५३ सेकंद आधी संपतो. जाहिरातींसाठी कात्री लागते ती वेगळीच. तुमचं १४:२० दुसऱ्याच्या प्रतीत १३:४६ असेल. म्हणून वेळेच्या जोडीला प्रसंग आणि आधीचं वाक्य लिहा: "आई झाडू घेऊन दारात, 'गृहपाठ झाला का?' नंतर लगेच". असं लिहिलं की कुणालाही ते ठिकाण सापडतं. डोरेमॉनसारख्या मालिकेत अर्ध्या तासात बऱ्याचदा दोन कथा असतात, त्यामुळे "भाग १२" म्हणजे बारावा अर्धा तास की बारावी कथा, हा घोळ ठरलेला. क्रमांक लिहू नका असं नाही, पण कथेचं नाव आणि त्यातलं गॅजेट हवंच.

चौकटही तपासा. जुनी मालिका ४:३ आकाराची असते. ती आजच्या रुंद पडद्यावर भरण्यासाठी वरून-खालून कापली की पुरावाच कापला जातो. २०१९ च्या नोव्हेंबरात डिस्ने प्लसवर द सिम्प्सन्स या अमेरिकन कार्टून मालिकेचे जुने भाग असेच कापून आले. बिअरच्या कारखान्यातल्या एका विनोदात तीन वेगळ्या नावांच्या बिअर एकाच नळातून येताना दिसतात, तो नळच चौकटीबाहेर गेला. ओरड झाल्यावर २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय मिळाला. अशा वेळी पुस्तक म्हणतं "मागे पाटी आहे" आणि तुम्हाला पाटी दिसत नाही, तर आधी स्वतःच्या प्रतीवर संशय घ्या.

भेदाची जात ओळखणं

इथे खरी कसोटी. जात चुकली की निर्णय चुकतो.

नावाचा भेद वर आलाच. दुसरा क्रमाचा. मालिका ज्या क्रमाने बनते त्या क्रमाने दाखवली जातेच असं नाही. द सिम्प्सन्सचा पहिला प्रसारित भाग १९८९ च्या १७ डिसेंबरचा नाताळ विशेष, पण त्याचा निर्मिती-क्रमांक ७जी०८. ७जी०१, म्हणजे सगळ्यात आधी केलेला भाग, चित्रकाम बिघडल्यामुळे पुष्कळसं नव्याने करावं लागलं आणि तो १३ मे १९९० ला, हंगामाच्या शेवटी आला. पुस्तकाने निर्मितीचा क्रम धरला आणि तुम्ही प्रसारणाचा, तर "पहिल्यांदा दिसला" या प्रकारची सगळी विधानं डळमळणार. म्हणून भागांची यादी दोन्ही क्रमांनी लावून ठेवा.

तिसरी जात डुलकीची. त्याच हंगामात, २१ जानेवारी १९९० च्या भागात स्मिदर्स हे पात्र रंगखात्याच्या चुकीने गडद वर्णाचं झालं. पुढे कायम पिवळं. पुस्तक पिवळं दाखवतं. यात उकलायला काही नाही, "डुलकी" लिहून पुढे जा. डुलकीला कथेतलं कारण चिकटवण्याचा मोह रसिकांना फार होतो. सुट्टीत उन्हात फिरला असेल, वगैरे. वहीत त्याला जागा नाही.

चौथी जात सरकत्या काळाची, आणि लांब चाललेल्या मालिकांत हीच सगळ्यात जास्त छळते. शिनचॅन १९९० पासून पाच वर्षांचा आहे. टीव्हीवर १९९६ मध्ये त्याला बहीण झाली, हिमावारी. तिचा जन्म झाला, ती घरी आली, रांगू लागली, आणि भाऊ पाचच वर्षांचा. इथे "शिनचॅनचा जन्म अमुक साली" असं छापणारं पुस्तक छपाईच्या दिवशी बरोबर असतं आणि पुढच्या वर्षी चुकतं. द सिम्प्सन्समध्ये १९९१ च्या एका भागाने होमर आणि मार्ज हे आईवडील १९७४ मध्ये शाळेत असल्याचं दाखवलं. २००८ च्या भागाने त्यांना नव्वदच्या दशकातलं बिनलग्नाचं जोडपं केलं. दोन्हींचा मेळ घालायला बसू नका. नियम असा: सरकत्या काळाच्या मालिकेत वय लिहा, साल लिहू नका, घटनांचा आपसातला क्रम लिहा, तारीख लिहू नका. "बहिणीच्या जन्माआधी" चालेल, "१९९६ च्या आधी" फक्त प्रसारणाबद्दल बोलताना.

पाचवी, वेगळी शाखा. मोटू पतलू आधी लोटपोट या हिंदी बालनियतकालिकात होते, निकलोडियनवरची मालिका २०१२ ची. लोटपोटमधली जुनी कथा मालिकेशी जुळत नाही, यात कोण कुणाला खोटं पाडतंय? छोटा भीम २००८ पासून पोगोवर आहे, आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला मायटी लिटल भीम हा रांगता भीम. त्याच्यावरून मोठ्या भीमाचं बालचरित्र लिहायला जाल तर फसाल. ही-मॅनचं उदाहरण तर ठसठशीत आहे. १९८२ मध्ये खेळण्याच्या खोक्यात मिळणाऱ्या चिमुकल्या कॉमिक्समध्ये तो रानातल्या टोळीतला योद्धा होता, राजपुत्र अ‍ॅडम कुठेच नव्हता, आणि जादूची तलवार दोन अर्ध्या तुकड्यांची. दूरदर्शनवर पाहिलेल्या पिढीला ठाऊक असलेला, तलवार उंचावून बदलणारा राजपुत्र १९८३ च्या मालिकेचा. दोघांचा उगम खेळण्यात, एकमेकांत नाही. वेगळ्या शाखेला वेगळी वही.

उरली जाणूनबुजून केलेली फिरवाफिरवी, म्हणजे लेखकांनीच पुढे ठरवून जुनी गोष्ट बदलली. ओळखायची खूण: नवा भाग त्या बदलाकडे बोट दाखवतो, कुणीतरी पात्र दचकतं, खुलासा होतो, किंवा त्यानंतरचे भाग सातत्याने नवंच धरून चालतात. एकाच भागात आलं आणि परत कधीच नाही, तर ती डुलकी. आणि पुस्तक एखाद्या पात्राची डायरी म्हणून लिहिलेलं असेल तर सगळ्यात आधी पात्राचा स्वभाव बघा. नोबिताचा बढाईखोर मित्र सुनियो याने लिहिलेल्या घराच्या वर्णनात बढाई असणारच, ती विसंगती नव्हे.

कुणाचं वजन किती

भेदाची जात कळली तरी निवड राहतेच. एकाच शाखेत वजनाची उतरंड साधारण अशी ठेवावी: पडद्यावर घडताना दिसलेली गोष्ट सगळ्यात वर, त्याखाली भरवशाच्या पात्राचं बोलणं, मग पार्श्वभूमीतली पाटी, कॅलेंडर, वहीवरचं नाव (ते बहुधा पार्श्वचित्रकाराने स्वतःच्या मनाने रंगवलेलं असतं), मग पुस्तकाचा मुख्य मजकूर, मग चित्राखालची ओळ, तळाला मलपृष्ठ आणि जाहिरात. पण ही उतरंड मालिका मूळ असेल तेव्हाची. मूळ कॉमिक्स असेल, जसं डोरेमॉनचं, तर कॉमिक्सचे खंड सगळ्यांच्या वर जातात. ही उतरंड पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि काम सुरू झाल्यावर बदलू नका. आवडत्या पात्राची बाजू जिंकावी म्हणून मधेच वजनं बदललेली वही लगेच ओळखू येते.

एक पुरावा मात्र शून्य वजनाचा: चक्री पुरावा. चाहत्यांच्या संकेतस्थळावर कुणीतरी एखादा वाढदिवस ठोकून देतं, पुस्तकाचा लेखक घाईत तो उचलतो, आणि मग तेच संकेतस्थळ त्या पुस्तकाचा आधार देतं. तपासायला विकीच्या पानाचा "इतिहास" उघडा. ती ओळ पहिल्यांदा कधी आली ती तारीख बघा. ती पुस्तकाच्या छपाईआधीची असेल आणि तिला कोणत्याही भागाचा आधार दिलेला नसेल, तर पुस्तक आणि संकेतस्थळ मिळून साक्षीदार एकच.

एक नोंद जवळून

पुस्तकात वाक्य आहे असं धरा: "उंदराने कान कुरतडलेले पाहून डोरेमॉन भीतीने निळा पडला." १९९५ च्या चित्रपटात मात्र दुःखाचं औषध पिऊन तो रडत सुटतो आणि पिवळा रंग निघून जातो. कान गेले ही गोष्ट दोन्हीकडे समान, मूळ रंग पिवळा हेही समान. भेद फक्त निळं होण्याच्या कारणात आहे. म्हणजे नोंद "डोरेमॉनचा रंग" अशी ढोबळ नको, "निळा होण्याचं कारण" अशी हवी. एवढं नेमकं केलं की भांडणाचा मोठा भाग गळून पडतो.

आता भाषेकडे बघा. मराठीत माणूस भीतीने पांढराफटक पडतो. जपानीत भीतीने, धक्क्याने चेहरा "निळा" होतो. तिथला वाक्प्रचारच तसा आहे. जपानी वाचकाला "कान गेल्याचं पाहून निळा पडला" हा सरळ शब्दविनोद आहे, कारणही आणि कोटीही. मराठीत तो शब्दशः उतरला की मूल विचारतं, भीतीने निळा कसा? आणि भाषांतरकार अर्थ लावायला "थंडीने" घालून ठेवतो. तिथे तिसराच पाठ जन्माला आला, जो कोणत्याही पोथीत नाही. वहीत निर्णय असा येईल: वर, "जुनं कारण: कान गेल्याचा धक्का (जपानी कोटी)", तळटीप, "१९९५ चा चित्रपट: रडून रंग गेला", जात, जाणूनबुजून बदल, शेरा, "मराठीत 'थंडीने' आढळल्यास भाषांतराची भर, काढावी".

पहिल्या चौथी-पाचवीचाही निकाल याच रीतीने लागतो. डोरेमॉनची उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, जन्म ३ सप्टेंबर २११२, म्हणजे २११२ चा १२, ९ वा महिना, ३ तारीख; १-२-९-३ हे आकडे मुद्दाम सगळीकडे पेरलेले आहेत. उंचीचा आकडा आला कुठून, तर त्या वेळच्या जपानी चौथीच्या मुलांच्या सरासरी उंचीवरून. म्हणजे चौथी ही कल्पनेच्या मुळाशीच आहे, पाचवी मालिकेची. चौथी वर, पाचवी तळटीपेत. असे न हलणारे आकडे प्रत्येक मालिकेत दोन-चार असतात, त्यांना खुंट्या समजा आणि बाकीची विधानं त्यांना बांधून बघा. भाषांतरात पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते. कुणीतरी मुलांना सोपं जावं म्हणून १२९.३ सेंटिमीटरचे "सव्वाचार फूट" करतं आणि जन्मतारखेशी असलेलं नातं तुटतं. "सुमारे १३०" हेही तितकंच वाईट.

पुस्तक छापायचं असेल तेव्हा

भाषांतर किंवा संपादन करणाऱ्याने चूक दिसली म्हणून मजकुरात हात घालायचा नाही. परवान्यावरच्या पात्रांच्या पुस्तकात शब्द आणि चित्र दोन्हींना हक्कधारकाची मंजुरी लागते, आणि न विचारता केलेली दुरुस्ती शेवटच्या प्रुफात सापडली तर अख्खा फर्मा अडतो. शंकायादी करा. प्रत्येक शंकेत पान, ओळ, मूळ शब्द, मालिकेत दिसलेलं, भेदाची जात आणि तीन पर्याय: जसंच्या तसं, तळटीप, बदल. स्वतःची शिफारस एका शब्दात. शंका एकेक करून फोनवर विचारू नका, फर्म्यानुसार गठ्ठा करून पाठवा. पहिल्या फर्म्याच्या शंका त्याचं प्रूफ निघायच्या आत पोचल्या पाहिजेत. नावांचा तक्ता मुद्रितशोधकालाही द्या. नाहीतर तो बिचारा पान १२ वरचा "जियान" आणि पान ४० वरचा "ज्यान" हे दोघे भाऊ समजून सोडून देईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळीकडे तिसरंच काहीतरी करून ठेवील.

मुलांच्या पुस्तकात तळटीप कुणी वाचत नाही, असं विपणनवाले सांगतील. मुलं वाचतात. ती फक्त तळटीप म्हणून छापू नका, चौकटीत घाला: "टीव्हीवर नोबिता पाचवीत आहे. तुला दोन्हीकडे आणखी काय वेगळं सापडलं?" विकिपीडियावर लिहीत असाल तर चौकट नको, दोन वाक्यं पुरेत, प्रत्येकाला आपापला आधार: कॉमिक्सला खंड, मालिकेला भाग आणि प्रसारणाची तारीख. "काही चाहत्यांच्या मते" ने सुरू होणारं वाक्य दिसलं की ते कोणत्या पोथीतलं ते विचारा. उत्तर नसेल तर उडवा.

वही बंद करताना शेवटच्या ओळीखाली तारीख आणि पाहिलेला शेवटचा भाग लिहा. पुढची आवृत्ती आली की सगळी वही पुन्हा करायची गरज नाही. नव्या प्रतीची हद्द काढा, मग जिथे जात "डुलकी" किंवा "जाणूनबुजून" लिहिली आहे तेवढ्याच ओळी नव्या प्रतीशी ताडून बघा, आणि बदललेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहा. जुनी नोंद खोडू नका.